गाडी ताब्यात घेण्याआधी तिच्या पोटाखालचे कव्हर तपासा

सर्व्हिसिंगहून आलेली गाडी आपण वरूनच पाहतो. ती नीट धुतली आहे का, काचा पुसल्या आहेत का, बिलातले आकडे बरोबर आहेत का, एवढे बघून सही करतो. माझे स्पष्ट मत आहे की इंजिनखालचे कव्हर सगळ्या बोल्टांसह घट्ट बसलेले ग्राहकाला दाखवल्याशिवाय सर्व्हिसिंग पूर्ण झाले असे मानूच नये, आणि ते दाखवायचे तर गाडी लिफ्टवरून खाली येण्याआधीच दाखवायला हवे.

रस्त्यावरचे पाणी, चिखल आणि खडी इंजिनाच्या बेल्टवर व बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर उडू नये आणि गाडीखालून जाणारी हवा अडखळल्याशिवाय मागे जावी, यासाठी हे कव्हर असते. ऑईल बदलताना ड्रेन प्लगपर्यंत, म्हणजे जुने ऑईल काढायच्या बोल्टपर्यंत, हात पोहोचावा म्हणून अनेक मॉडेलांत ते पूर्ण उतरवावे लागते. काही वेळा काढल्या-बसवल्या की प्लास्टिकच्या क्लिपांची पकड जाते, बोल्टचे आटे झिजतात, एखादा वॉशर घरंगळून हरवतो, आणि संध्याकाळी गाड्या द्यायच्या घाईत आहे त्या बोल्टांवर भागवले जाते. याचा सगळा दोष मी मेकॅनिकच्या माथी मारणार नाही. नव्या क्लिपा हाताशी ठेवणे आणि शेवटच्या तपासणीला वेळ देणे ही वर्कशॉप चालवणाऱ्याची जबाबदारी आहे.

सर्वांत महत्त्वाची असते ती कव्हरची पुढची कड. मागचा एखादा बोल्ट नसला तर कव्हर खडखडते; पण पुढची कड सुटली की समोरची हवा थेट आत शिरते आणि कव्हर खाली ओढू लागते. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे शहरात ताशी ६० किलोमीटरला जो दाब असतो, त्याच्या चौपट दाब समृद्धी महामार्गावर १२० ला येतो. म्हणूनच गावात आठवडाभर गप्प बसलेले कव्हर महामार्गावर पहिल्याच दिवशी सुटते. माझ्या भावाच्या गाडीचे असेच झाले. सर्व्हिसिंगनंतर पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या त्या गाडीखालून खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडल्यावर फडफड ऐकू येऊ लागली. बाजूला थांबून पाहिले, तर पुढचे दोन्ही बोल्ट नव्हते आणि लोंबणारा कोपरा रस्त्यावर घासून पार झिजला होता. त्या रस्त्यावर मागून दुचाकीही येत असतात. तो पत्रा तुटून एखाद्याच्या चाकाखाली गेला असता तर काय झाले असते, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

गाडी लिफ्टवर असतानाच मोबाइलचा दिवा लावून कडेने पाहावे आणि रिकामे भोक कुठे दिसते का ते शोधावे. मग कव्हर हाताने हलवून पाहावे, मात्र सायलेन्सरचा पाइप तापलेला असतो, त्यापासून हात लांब ठेवावा. दोन भागांचे कव्हर असेल तर छपरावरच्या कौलांप्रमाणे ते एकमेकांवर योग्य बाजूने चढलेले हवे: पुढच्या भागाची मागची कड मागच्या भागाच्या खाली, नाहीतर मागच्या भागाची कड वारा पकडते. चाकाच्या खोबणीतले प्लास्टिकचे अस्तरही त्याच वेळी दाबून पाहावे, कारण बऱ्याच गाड्यांत ते याच कव्हरला जोडलेले असते. बाहेरून लोखंडी इंजिन गार्ड बसवून घेतला असेल तर त्याचे बोल्ट अधिकच काळजीने पाहावेत, कारण त्याचे वजन पुष्कळ असते. घरी तपासायचे झाल्यास नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. बंपरखाली मोबाइल धरून काढलेला व्हिडिओ पुरेसा असतो.

आत ग्राहकांना येऊ देत नाही, असे उत्तर मिळाले तर लिफ्टवरच्या गाडीच्या तळाचा फोटो मागावा, आणि एखादी क्लिप बसवली नसेल तर तसे जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, लिहून घ्यावे. गाडी मिळाल्यावर लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी जवळच्या मोकळ्या रस्त्यावर, काचा खाली करून आणि गाणी बंद ठेवून, एक फेरी मारावी. फडफड किंवा घासल्याचा आवाज आला तर त्याच पावली परत वर्कशॉपमध्ये जावे.