व्हर्माँटमध्ये जे सुरूच झालं नाही, त्याचा दाखला

अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने सगळ्यांसाठी आरोग्यसेवेचा विषय काढला, की एक वाक्य हमखास पुढे सरकवलं जातं: ‘व्हर्माँटने सिंगल पेयर राबवून पाहिलं, राज्य बुडायची वेळ आली, शेवटी गाशा गुंडाळावा लागला.’ त्याच्या मागोमाग तीन पुरवण्या येतात. कर दुपटीने वाढतील. डॉक्टर राज्य सोडून जातील. शेजारच्या राज्यांतले आजारी लोक लोंढ्याने येतील. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमधल्या चर्चेत हे इतक्यांदा म्हटलं गेलंय, की आता कुणी ते तपासूनही पाहत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी एक खुलासा. सिंगल पेयर म्हणजे दवाखाने सरकारने ताब्यात घेणं नव्हे. डॉक्टर आणि हॉस्पिटलं खासगी राहू शकतात, कॅनडात बहुतेक डॉक्टर तसेच आहेत. फक्त त्यांची बिलं डझनभर विमा कंपन्यांकडून वसूल होण्याऐवजी एकाच सार्वजनिक निधीतून चुकती होतात.

आता व्हर्माँट. मे २०११मध्ये गव्हर्नर पीटर शमलिन यांनी कायद्यावर सही केली. योजनेचं नाव ग्रीन माउंटन केअर. ती २०१७च्या आधी सुरू होणं शक्यच नव्हतं, कारण ओबामांच्या आरोग्य कायद्याच्या काही नियमांतून सूट घेऊन स्वतःची योजना चालवण्याची राज्यांना मिळणारी सवलत त्या वर्षापासून लागू होणार होती. आणि १७ डिसेंबर २०१४ रोजी शमलिन यांनीच योजना सोडून देत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे या योजनेतून एकाही रुग्णाचं एकही बिल भरलं गेलं नाही, एकाही हॉस्पिटलला एक डॉलर मिळाला नाही. ‘राबवून पाहिलं’ हे सरळसरळ खोटं आहे, आणि राज्य बुडण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मग माघार का घेतली? याचं उत्तर योजनेच्या समर्थकांनाही टोचणारं आहे, पण ते द्यायला हवं. कायदा आधी झाला, पैसे कुठून आणायचे हे नंतर ठरवायचं असं ठरलं, आणि तो आराखडा सारखा लांबत गेला. अखेर हिशेब पुढे आला तेव्हा मालकांवर पगाराच्या रकमेच्या ११.५ टक्के कर आणि कुटुंबांवर उत्पन्नानुसार ९.५ टक्क्यांपर्यंत आकारणी लागणार होती. संघ सरकारकडून अपेक्षित असलेला पैसा बराच कमी भरला. योजना मात्र उदार होती, उपचारांच्या खर्चाचा सरासरी ९४ टक्के भाग तीच उचलणार होती. त्यात राज्याचं विमा खरेदीचं संकेतस्थळ आधीच कोलमडलं होतं. ज्या सरकारला संकेतस्थळ चालवता येत नाही ते आरोग्यव्यवस्था काय चालवणार, असं लोक विचारत होते आणि तो प्रश्न गैर नव्हता. नोव्हेंबर २०१४च्या निवडणुकीत शमलिन अडीच हजारांहून कमी मतांनी पुढे राहिले, स्पष्ट बहुमत मिळालंच नाही. सव्वासहा लाख वस्तीच्या राज्यात इतक्या काठावर उभ्या असलेल्या गव्हर्नरने एवढा कर मांडण्याचं धाडस केलं नाही. यातून आर्थिक आराखडा उशिरा मांडल्याची किंमत कळते. व्यवस्था चालते की नाही, हे त्यातून कळूच शकत नाही.

कराचा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि त्यातच सगळ्यात जास्त लपवाछपवी होते. कर वाढतील का? हो, प्रचंड वाढतील. न्यूयॉर्कच्या प्रस्तावित कायद्याचा रँड या संशोधन संस्थेने २०१८मध्ये अभ्यास केला. त्यात राज्याच्या करवसुलीत सुमारे १५६ टक्के वाढ लागेल असं निघालं. व्हायरल संदेश एवढंच सांगून थांबतात. त्याच अभ्यासाने पुढे म्हटलंय, की सगळ्या रहिवाशांना संरक्षण देऊनही २०३१पर्यंत राज्यातला आरोग्यावरचा एकूण खर्च सध्याच्या व्यवस्थेपेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी कमी असेल. कर वाढतात कारण विम्याचे हप्ते जातात. आज ते हप्ते किती आहेत? कैसर फॅमिली फाउंडेशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंब विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले गेले. उरलेले एकोणीस हजारांहून जास्त डॉलर मालक भरतो, पण ते मालकाच्या खिशातून जात नाहीत. ती रक्कम पगारवाढ म्हणून हाती यायची ती येत नाही, याबद्दल बहुतेक अर्थतज्ज्ञांचं एकमत आहे. पगाराच्या चिठ्ठीवर हा आकडा ठळक दिसत नाही म्हणून तो फुकट वाटतो, आणि त्याच पैशाचा कर झाला की लूट वाटते. शिवाय हप्ता भरूनही आजारपणात डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, वेगळं भरावं लागतं.

ज्यांचं उत्पन्न खूप आहे त्यांचा भार मात्र नव्या व्यवस्थेत वाढेल, रँडच्या अभ्यासातही तसंच दिसतं. समर्थकांनी हे उघड सांगावं. ‘कुणालाच काही जास्त द्यावं लागणार नाही’ असं म्हणणं हीसुद्धा फसवणूकच. कोलोरॅडोत २०१६मध्ये अशीच योजना मतदानाला आली आणि जवळपास ७९ टक्के मतदारांनी ती फेटाळली. नव्या कराचा आकडा समोर होता, सुटणाऱ्या हप्त्याचा हिशेब प्रत्येक घरापर्यंत पोचला नव्हता.

डॉक्टर पळून जातील, या भीतीची परीक्षा कॅनडात एकदा झालेली आहे. सॅस्कॅचेवान प्रांताची लोकसंख्या तेव्हा नऊ लाखांच्या आसपास. १ जुलै १९६२ रोजी तिथे डॉक्टरांची बिलं भरणारी सार्वजनिक योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपं लावली. संप २३ दिवस चालला. हे दिवस लोकांनी भीतीत काढले, त्याला क्षुल्लक म्हणता येणार नाही. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले, मध्यस्थी झाली, आणि २३ जुलैला सॅस्कटूनमध्ये करार झाला. डॉक्टर स्वतंत्र व्यावसायिक राहतील आणि तपासणीगणिक फी घेतील, हे सरकारने मान्य केलं. योजना टिकली. १९६४मध्ये ती आणणारं सरकार निवडणूक हरलं, तरी विरोधात असलेल्या लिबरल पक्षाने सत्तेवर येऊन ती मोडली नाही. १९६६मध्ये कॅनडाच्या संसदेने देशभरासाठी कायदा केला आणि १९७२पर्यंत सगळे प्रांत त्यात आले. रुग्णालयांच्या खर्चाची योजना तर याच प्रांताने १९४७मध्येच सुरू केली होती. एका लहान प्रांताने आधी करून दाखवलं, देश मागून आला.

कॅनडात शस्त्रक्रियांसाठी वाट पाहावी लागते, हे खरं आहे आणि तिथल्या लोकांना त्याचा त्रासही होतो. पण तैवानमध्ये १९९५पासून एकच सार्वजनिक विमा आहे, आणि तिथे वाट पाहणं ही मोठी तक्रार नाही. रांग किती लांब होते ते डॉक्टर, खाटा आणि निधी किती आहेत त्यावर ठरतं.

लोंढ्याचा मुद्दा. त्यात एक खरी कायदेशीर अडचण आहे: वर्षभर राहिल्याशिवाय गरिबांना मोफत उपचार नाहीत, अशी ॲरिझोनातली अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्ये घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे राज्याला लांब मुदतीची अट घालता येणार नाही. तरी मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, विस्तार काही राज्यांनी केला आणि शेजाऱ्यांनी नाही, तेव्हा उपचारांसाठी लोक राज्य बदलताना संशोधकांना दिसले नाहीत. घर, नोकरी आणि नातलग सोडून जाणं सोपं नसतं.

आणि या संदेशांत कधीच न येणारी गोष्ट, खरा अडसर. सिंगल पेयरची बचत सगळा पैसा एका निधीत आला तरच होते. अमेरिकेतल्या राज्याला तो एकत्र आणायची मुभाच नाही. ज्येष्ठांचा सरकारी विमा, मेडिकेअर, संघ सरकारच्या हातात. मेडिकेडच्या पैशाला संघाच्या अटी. आणि मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या निधीतून करतात, त्या योजनांना १९७४च्या एरिसा या, कर्मचाऱ्यांच्या लाभ योजनांबद्दलच्या संघ सरकारच्या कायद्यामुळे राज्य हातही लावू शकत नाही. ही भिंत किती उंच आहे ते व्हर्माँटलाच कळलं. राज्याला फक्त उपचारांच्या बिलांची माहिती गोळा करायची होती. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१६मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला की अशा कंपन्यांच्या योजनांकडून राज्य ती माहितीसुद्धा सक्तीने मागू शकत नाही. सॅस्कॅचेवानपुढे असा कायदा नव्हता.

हा अडसर दूर करण्यासाठी कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी रो खन्ना यांनी संसदेत विधेयक मांडलेलं आहे. राज्याने सगळ्या रहिवाशांना संरक्षण देण्याचा आराखडा दिला, तर संघाचा आरोग्यावरचा पैसा एकत्र करून त्या राज्याला द्यावा आणि एरिसातून सूट द्यावी, असं त्यात आहे. ते आजवर मंजूर झालेलं नाही. राज्यांना हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी, राज्यांना ते करू देणाऱ्या या विधेयकाबद्दल त्यांचं मत काय, तेही सांगावं.