टेकडी तरी कुठली इथली?

घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या रस्त्याचा वाद निघाला. मी लिहिलं, टेकडी फोडू नका. दादाचं उत्तर: ‘तू अकाउंट्सवाली, तीही जर्मनीत, ब्रेमरहाफनला बसलेली. हा ना तुझा विषय, ना आता तुझं गाव.’ त्याला काकांचा लगेच अंगठा.

विषयाचंच काढलंय तर ऐका. माझी बस रोज ज्या संस्थेवरून जाते, तिला आल्फ्रेड वेगेनरचं नाव आहे. त्याची डॉक्टरेट खगोलशास्त्रातली, काम हवामानाचं. पण ६ जानेवारी १९१२ला फ्रँकफुर्टमध्ये भूगर्भवाल्यांपुढे त्याने मांडलं की खंड सरकतात. ग्लॉसोप्टेरिस या एकाच वनस्पतीचे जीवाश्म आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, भारतात सापडतात, आपल्या चंद्रपूरच्या कोळशाच्या थरांतही. तिच्या बिया काय समुद्र पोहून गेल्या? पण बड्या भूगर्भशास्त्रज्ञांनी त्याला उडवून लावलं. हवामानवाल्याने ढग बघावेत!

आणि गाव? वेताळ टेकडीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाच्या बाजूला. म्हणजे पुण्यातली सगळ्यात जुनी रहिवासी बाहेरूनच आलेली. हे ग्रुपवर टाकलं आणि दोन तास खुशीत होते.

इथे असं होत नाही, इथे झाडाला हात लावायचा तरी परवानगी लागते, हेही जोडलं. कंटेनर टर्मिनल वाढवताना वेझर नदीकाठच्या चिखलपट्टीत भराव टाकला, ते मात्र खाल्लं.

वेगेनरचंही अर्धंच सांगितलं होतं. त्याला हसणारे सगळेच मूर्ख नव्हते. खंड ढकलणारं म्हणून त्याने सांगितलेलं बळ फारच तोकडं होतं, आणि ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतं हा त्याचा हिशेब साफ चुकलेला. सरकणं सेंटिमीटरांत असतं. त्याचं म्हणणं लोकांना पटलं ते १९६०च्या दशकात, समुद्रतळ पसरतो हे कळल्यावर. तोवर तो ग्रीनलंडच्या बर्फात होता. १ नोव्हेंबर १९३०ला, पन्नासाव्या वाढदिवशी, बर्फाच्या मधोमध असलेल्या आइसमिटे ठाण्यावरून रास्मुस विलुम्सेन या सोबत्याबरोबर निघाला तो किनाऱ्याला पोचलाच नाही. पुढच्या मे महिन्यात त्याचं प्रेत सापडलं, रास्मुसने नीट पुरलेलं. रास्मुसचा पत्ता आजवर नाही.

बाहेरचा होता खरा, पण बोलायचं तर तिथे जायचं, एवढं त्याने पाळलं. मी टेकडीवर शेवटची कधी चढले? आईच्या वर्षश्राद्धाला आले होते तेव्हा, तेही अर्ध्यावरून परतले, ऊन सोसेना. इथे मला कोणी विचारलं की पुण्यातली म्हणते, आणि पुण्यात रिक्षावाल्याला रस्ता मीच विचारते.

रात्री दादाचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, वेगळा: ‘टेकडीचं कळलं. तू कधी येतेस ते सांग.’

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.