‘कुठलाही पॉड घ्या, कुठलंही लिक्विड भरा’ : फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात तो असा : १ जून २०२५ पासून इथे वापरून फेकायचे डिस्पोजेबल वेप (ई-सिगारेटी) बंद झाले, म्हणून आता पुन्हा भरता येणारं पॉड किट, म्हणजे लिक्विड भरायची छोटी डबी (पॉड) आणि तिला जोडायची बॅटरी, घ्या. सगळी किट सारखीच, स्वस्तातलं घ्या. लिक्विड कुठलंही चालतं, मोठ्या बाटलीतलं स्वस्त पडतं. निकोटिन जितकं कमी तितकं चांगलं, तेव्हा ३ मिलिग्रॅमपासून सुरुवात करा. भरा आणि लगेच ओढा, जळका वास आला तर माल खराब. शेवटी ती नुसती पाण्याची वाफ, इथले डॉक्टरच देतात, त्यामुळे कुणीही ओढावी. आणि सुट्टीत घरी जाताना स्वतःपुरता एक नेला तर कुणी विचारत नाही.

मी इथे फार्मसीत काम करते आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्यांशी रोज बोलते. या मेसेजमधली बंदीची तारीख बरोबर आहे. बाकीचं जवळजवळ सगळं चुकीचं आहे, आणि त्या चुकांपायी सिगारेट सोडायला निघालेली माणसं पुन्हा सिगारेटकडे वळताना दिसतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘नुसती पाण्याची वाफ, कुणीही ओढावी’

त्या धुरकट ढगात पाणी असलं तरी नावापुरतं. लिक्विड बनतं ते प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन यांचं. दुकानात यांनाच पीजी आणि व्हीजी म्हणतात. त्यात निकोटिन आणि चवीची रसायनं मिसळलेली असतात. पॉडमधली तार तापते, कापसात मुरलेलं लिक्विड उडतं आणि त्याचे बारीक थेंब छातीत जातात. सोबत थोड्या प्रमाणात अल्डिहाइडसारखी घातक रसायनं आणि धातूंचे अंशही सापडतात.

मग ब्रिटनची आरोग्यसेवा सिगारेट ओढणाऱ्यांना वेप का सुचवते? कारण तुलना सिगारेटशी आहे. तंबाखू जळला की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कॅन्सर, हृदयविकार आणि फुप्फुसांचे आजार येतात ते मुख्यतः त्या जळण्यातून. वेपमध्ये काही जळत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२२ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्याचा निष्कर्ष असा की अल्प आणि मध्यम मुदतीत वेपचा धोका सिगारेटच्या धोक्याचा छोटासा अंश आहे. त्याच आढाव्यात हेही म्हटलं आहे की वेप निर्धोक नाही, विशेषतः ज्यांनी कधी सिगारेट ओढलेली नाही त्यांच्यासाठी. मेसेज लिहिणाऱ्याने पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं.

हे मी कळकळीने सांगते, कारण आपल्याकडून येणाऱ्या मुला-मुलींमध्ये बरेच जण असे भेटतात की ज्यांनी घरी कधी सिगारेटला हात लावला नव्हता. इथे फ्लॅटमध्ये कुणीतरी आंब्याच्या चवीचा वेप हातात दिला आणि सवय लागली. त्यांनी चांगलं पॉड किट कोणतं हे विचारूच नये. त्यांना सिगारेटपासून सुटका मिळत नाही, कारण सिगारेट नव्हतीच. पदरात पडतं ते फक्त निकोटिनचं व्यसन. आणि १८ वर्षांखालच्यांना वेप विकणं इथे गुन्हा आहे.

आपल्या लोकांबाबत आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात तंबाखू ओढण्यापेक्षा खाणारे कितीतरी जास्त. मळलेली तंबाखू, मिश्री, २०१२ पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा. यांच्यासाठी वेप हा पर्याय म्हणून पुढे करू नका. वेपने व्यसन सुटतं का, यावरचे मोठे अभ्यास सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेले आहेत. तंबाखू खाणाऱ्याला पॉड दिला तर त्याच्या फुप्फुसांना एक नवं काम लावून दिल्यासारखं होतं. त्याच्यासाठी निकोटिनची गम आणि समुपदेशन आहे.

‘निकोटिन जितकं कमी तितकं चांगलं’

सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा हाच. म्हणून यावर जरा थांबते.

एक काका आले होते, मुलाकडे राहायला आलेले. दिवसाला एक पाकीट, म्हणजे २० सिगारेटी, तीस वर्षांहून जास्त काळ. मुलाने हा मेसेज वाचून प्रेमाने किट आणून दिलं आणि ३ मिलिग्रॅमचं लिक्विड भरून दिलं. काका दिवसभर पॉड चोखत बसायचे. घसा सुकलेला, तलफ तशीच. चौथ्या-पाचव्या दिवशी गुपचूप सिगारेट सुरू. मला म्हणाले, “पोरी, हे खेळणं आहे, याने काही होत नाही.” त्यांची यात काहीच चूक नव्हती. त्यांच्या शरीराला लागणारं निकोटिन त्या पॉडमधून येतच नव्हतं.

बाटलीवरचा आकडा म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम निकोटिन आहे ते. ब्रिटनमध्ये कायद्याने कमाल २० आहे. २० म्हणजे २० सिगारेटी, असं गणित काही जण मांडतात, त्याला काही आधार नाही. सिगारेट ओढणारा साधारण एका सिगारेटीमागे १ ते दीड मिलिग्रॅम निकोटिन रक्तात घेतो आणि ते फार झटकन मेंदूत पोहोचतं. पॉडमधून ते तुलनेने सावकाश मिळतं. पुरेसं मिळालं की माणूस आपोआप थांबतो. मिळालं नाही की जोरात आणि वारंवार झुरके मारत राहतो. लंडन साउथ बँक विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासात हेच दिसलं : कमी निकोटिनचं लिक्विड दिल्यावर लोकांनी जास्त आणि लांब झुरके घेतले, जास्त लिक्विड संपवलं आणि फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाशी त्यांचा संपर्कही वाढला. म्हणजे काळजीपोटी कमी केलेला आकडा उलटा पडला.

निकोटिन व्यसन लावतं, नाडी वाढवतं, त्याला मी साधं म्हणत नाही. पण सिगारेटीने माणसं दगावतात ती मुख्यतः धुराने. म्हणून आधी धूर सुटू दे, निकोटिनचा आकडा नंतर उतरवता येतो. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याने, सकाळी उठल्या-उठल्या सिगारेट लागणाऱ्याने २० पासून सुरुवात करावी. पाच-सात ओढणाऱ्याला १० पुरतं. २० चं साधं निकोटिन घशाला फार लागतं, ठसका येतो. त्यासाठी ‘निक सॉल्ट’ असतात. त्यात बेंझोइक आम्लासारखं आम्ल मिसळलेलं असतं, त्यामुळे तेवढंच निकोटिन घशाला मऊ लागतं. डोकं गरगरलं किंवा मळमळलं तर ते जास्त झाल्याचं लक्षण. पॉड खाली ठेवा आणि पुढची बाटली १० ची घ्या.

२०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत ८८६ जण होते. वर्षभरानंतर पुन्हा भरता येणारा वेप दिलेल्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते, तर निकोटिनच्या पट्ट्या, गम वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. दोन्ही गटांना समुपदेशन होतं आणि वेपच्या गटाला दिलेलं लिक्विड १८ मिलिग्रॅमचं होतं, ३ चं नव्हे. याच चाचणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : वेपवर सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढत होते. म्हणून पहिल्या दिवसापासून मनाशी ठरवा की हाही एक दिवस सोडायचा आहे. आणि सिगारेट व पॉड दोन्ही चालू ठेवलं तर फायदा जवळपास शून्य.

‘सगळी किट सारखीच, लिक्विड कुठलंही चालतं’

पॉडच्या तळाशी एक आकडा छापलेला असतो, ०.४, ०.६, ०.८, १.० असा. तो कॉइलचा, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचा, रोध (विजेला होणारा अडथळा), ओममध्ये. किट निवडताना बॅटरीच्या रंगाआधी हा आकडा बघा.

०.८ ते १.२ ओमच्या कॉइलवर झुरका आवळ येतो. वाफ आधी तोंडात, मग छातीत, सिगारेटसारखी. सिगारेट सोडणाऱ्याला हाच हवा असतो. याला पातळ लिक्विड लागतं, पीजी-व्हीजी निम्मंनिम्मं, आणि १० किंवा २० चं निक सॉल्ट. ०.४-०.६ ची कॉइल मोकळी ओढते, ढग मोठा, लिक्विड भराभरा संपतं. तिच्यात ७० टक्के व्हीजीचं घट्ट लिक्विड आणि ३ ते ६ निकोटिन चालतं. अदलाबदल केली की फसगत झालीच. घट्ट लिक्विड १.० च्या बारीक छिद्रांतून कापसात मुरत नाही, कापूस कोरडा पडून जळतो. उलट, २० चं सॉल्ट ०.४ मध्ये भरलं तर एका झुरक्यात इतकं निकोटिन जातं की माणूस पांढराफटक पडतो, शिवाय पातळ लिक्विड गळतं ते वेगळंच.

काकांच्या मुलाने जे आणलं होतं ते ‘शॉर्टफिल’. मोठ्या बाटलीत ५० मिली बिननिकोटिनचं लिक्विड असतं, त्यात १० मिलीची १८ ची बाटली ओतायची. १८० मिलिग्रॅम निकोटिन ६० मिलीत पसरलं की होतात ३. मिलीमागे स्वस्त पडतं म्हणून मेसेजमध्ये तेच सुचवलंय. पण १ ऑक्टोबर २०२६ पासून ब्रिटनमध्ये दर १० मिलीवर २.२० पौंड कर ठरला आहे, निकोटिन असो वा नसो. तेव्हा ती स्वस्ताई टिकणारी नाही.

स्वस्त किटबद्दल एकच सांगते. बंदीनंतर काही डिस्पोजेबलनाच चार्जिंगचं छिद्र पाडून ‘रिफिलेबल’ म्हणून खपवण्याचा प्रकार होतो. कायद्याने पुन्हा वापरता येणारं किट म्हणजे चार्ज होणारं, भरता येणारं आणि ज्याची कॉइल किंवा कॉइलसकट पॉड वेगळा विकत मिळतो ते. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला म्हणा, याचे सुटे पॉड दाखवा. त्याने काउंटरवर पाकीट ठेवलं नाही तर बाहेर पडा. निकोटिनची बाटली १० मिलीहून आणि पॉड २ मिलीहून मोठा असला तरीही तेच करा.

‘भरा आणि लगेच ओढा’

जळलेली कॉइल उघडून पाहिली तर आत कापसाचा पांढरा पट्टा असतो आणि मधोमध, तारेच्या जाळीला चिकटलेला भाग काळा ठिक्कर पडलेला. बहुतेक वेळा हे पहिल्या पाच मिनिटांत होतं आणि त्याला माल जबाबदार नसतो.

नवा पॉड भरताना बाजूचं रबरी बूच उघडा, बाटलीचं टोक नीट आत घाला आणि सावकाश दाबा. काठोकाठ भरू नका, वर हवेची जरा जागा राहू द्या. बूच घट्ट बसवून वर आलेला थेंब पुसा आणि दहा मिनिटं पॉड उभा ठेवा. कापूस आतपर्यंत भिजला पाहिजे. मग यंत्राला न जोडता नुसत्या पॉडमधून दोन-तीन हलके झुरके घ्या, लिक्विड ओढलं जातं. वॉट (तार किती तापवायची ती ताकद) बदलता येत असतील तर कॉइलवर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला सुरुवात करा. झुरका सिगारेटसारखा जोरात ओढायचा नाही, हळू आणि लांब घ्यायचा. दोन झुरक्यांत थोडा वेळ जाऊ द्या. जळका चटका लागला की लगेच थांबा. कोरड्या कापसावर तार तापली की फॉर्मल्डिहाइडसारखे पदार्थ बरेच वाढतात, तो चटका शरीराने दिलेली सूचना समजा. एकदा जळलेला कापूस सुधारत नाही, पॉड बदलावाच लागतो. अति गोड चवींत सुक्रालोज हे कृत्रिम गोड द्रव्य असतं, ते तारेवर करपून बसतं, अशी कॉइल लवकर जाते.

चार्जिंग किटसोबतच्या केबलने करा, फोनचा फास्ट चार्जर लावू नका आणि रात्री उशाशी लावून झोपू नका. लिक्विडची बाटली कपाटात वर, कुलपात. १० मिलीत २०० मिलिग्रॅम निकोटिन असतं आणि लहान मुलाच्या पोटात त्यातलं थोडं गेलं तरी जिवावर बेतू शकतं. संपलेले पॉड आणि बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, वेप विकणाऱ्या दुकानाने त्या परत घ्यायच्या असतात.

‘स्वतःपुरता एक भारतात नेला तर चालतो’

नाही चालत. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. बॅगेतून आणणं ही आयातच, मग तो एक असो की दहा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्यात ओढण्याचा वेगळा उल्लेख नाही, एवढ्यावर मेसेजवाल्याने सगळा इमला उभा केला आहे. पण मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडली की प्रश्न ओढण्याचा नसतो, आणण्याचा असतो. भावासाठी किंवा मित्रासाठी भेट म्हणून नेणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

काकांनी १.० ओमचा पॉड आणि २० चं सॉल्ट घेतलं, आणि त्यानंतर सिगारेट सुटली. परतायच्या आधी त्यांनी मला हेच विचारलं : आता तिकडे काय करू? किट मुलाकडे ठेवायला लावलं. शेवटचे काही आठवडे १० वर आणलं आणि सोबत निकोटिनच्या गमची सवय लावली. गम सारखी चघळायची नाही. चुरचुर लागेपर्यंत चावायची, मग गालाशी दाबून ठेवायची, चुरचुर गेली की पुन्हा चावायची. २ मिलिग्रॅमची गम भारतात मेडिकलमध्ये मिळते. आणि तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तो नंबर त्यांनी गमच्या पाकिटावरच लिहून घेतला.