विधान परिषदेतले ७८ जण येतात कुठून?
आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक मेसेज चार दिवस फिरतोय: ‘विधान परिषदेत निवडून आलेला एकही नाही. इंग्लंडच्या लॉर्ड्ससारखी सगळी नेमलेली माणसं. मुख्यमंत्र्यांनी मनात आणलं तर उद्या बंद. आजवर उपयोग शून्य.’

पहिलं वाक्यच खोटं आहे. ७८ पैकी राज्यपाल नेमतात ते १२. तिकडे ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स या वरच्या सभागृहात बहुतेक जण तहहयात नेमलेले असतात. आपल्याकडे ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जणांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, आणि ७ पदवीधर, ७ शिक्षक मतदारसंघांतून येतात.

पदवीधरला मी २०२० मध्ये मत दिलं. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर मिळून एक मतदारसंघ. टेबल व्यापेल एवढी मतपत्रिका आणि केंद्रावरच मिळणारा जांभळा स्केचपेन. नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. निवडून यायला लागणारा मतांचा आकडा, म्हणजे कोटा, कुणीच गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीला जातात. विधानसभेला चाळीस टक्क्यांतही माणूस निवडून येतो. त्यापेक्षा ही पद्धत मला न्यायाची वाटते. पण बारावीनंतर गुऱ्हाळ सांभाळणाऱ्या माझ्या भावाला तिथे मत नाही, हे मला मनापासून खटकतं. तक्रार करायची तर याची करा.

आणि २०२१ ची करा. कोल्हापूरची स्थानिक संस्थांची जागा बिनविरोध गेली तेव्हा महापालिकेवर प्रशासक होता. नगरसेवकच नाहीत, म्हणजे लढत झाली असती तरी शहराचं मत कोण देणार होतं? यात परिषदेचा दोष नाही. महापालिकेची निवडणूक वेळेवर झाली नाही, हा दोष होता.

‘उद्या बंद’ तर होतच नाही. राज्यघटनेच्या कलम १६९ प्रमाणे विधानसभेत दोन-तृतीयांश मतांनी ठराव लागतो, मग संसदेचा कायदा. आंध्रने २०२० मध्ये असा ठराव केला, २०२१ मध्ये मागे घेतला.

उपयोगाचं म्हणाल तर रोजगार हमी आठवा. तिचे जनक वि. स. पागे आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यातले, आणि तेव्हाचे परिषदेचे सभापती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून ज्या घरांची चूल पेटली, त्यांना विचारा.

पदवीधरची मतदार यादी दर वेळी नव्याने होते, जुनं नाव चालत नाही. नाव नोंदवायच्या अर्जाच्या, म्हणजे नमुना १८ च्या, झेरॉक्स तालमीत ठेवल्यात. पदवीचं सर्टिफिकेट घेऊन या.