वासाने कसर पळत नाही: ‘सात रामबाण उपायां’चा प्रतिवाद

थंडी सरून स्वेटर-शाली आवरायची वेळ आली की एक मेसेज हमखास फिरतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या येतो, भिशीच्या येतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, दावे तेच राहतात. पाखरं कपडे खातात, म्हणून दिव्याभोवती दिसतील ती मारा. प्रत्येक खणात दोन-चार डांबरगोळ्या टाका, वर्षभर बघायला नको. केमिकल नको असेल तर कापूर, लवंग आणि कडुलिंबाचा पाला ठेवा, तो अगदी निर्धोक. पैठणीपासून घोंगडीपर्यंत सगळं एक दिवस कडक उन्हात घाला. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. फारच झालं तर एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवा. आणि गालिच्यावर मीठ भुरभुरवा.

यातले काही उपाय अर्धे खरे आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि एक तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. त्या एकासाठी हे लिहायला घेतलं. बाकीचे ओघाने आलेच.

आधी पाखरांचं. लोकरीवर अंडी घालणाऱ्या पाखराला खायला धड तोंडच नसतं. मादी चाळीस-पन्नास अंडी घालते आणि मरते. कापड कुरतडते ती अंड्यातून निघालेली अळी. लोकर, केस, पिसं यांत केराटिन नावाचं प्रथिन असतं. ते पचवू शकणारे जीव मोजकेच, आणि ही अळी त्यांतली एक. रेशीमही तिच्या तडाख्यातून सुटत नाही. शिवाय ही पाखरं उजेडापासून लांब राहतात. कपाट उघडलं की घडीच्या आत शिरतात. संध्याकाळी स्वयंपाकघरात भिरभिरतात ती पाखरं बहुतेक वेळा तांदळाच्या नाहीतर रव्याच्या डब्यातली. ती मारून स्वेटर वाचणार नाही. तेव्हा डबे तपासा.

कपड्यांना कसर लागली असं आपण म्हणतो तेव्हा खाणारे तिघे वेगवेगळे असू शकतात, आणि ते ओळखता आले तर निम्मं काम होतं. शाल खिडकीपाशी उलगडा. स्वेटर असेल तर काखेतली शिवण आणि कॉलरची आतली बाजू बघा. बारीक जाळ्याची पुटं आणि रेतीसारखे कण दिसले तर पाखराची अळी. हे कण लाल शालीवर लाल असतात, निळ्या स्वेटरवर निळे, कारण अळी लोकर खाते आणि रंग तसाच बाहेर टाकते. तिची एक भावंड जात त्याच धाग्यांची खोळ विणून ती अंगावर घेऊनच हिंडते. केसाळ, तपकिरी पट्ट्यांची अळी किंवा तिची पोकळ कात सापडली तर ती भुंगेऱ्याची. मोठा भुंगेरा दोन-चार मिलिमीटरचा, गोल, ठिपकेदार. तो स्वतः फुलांतले पराग खातो आणि खिडकीच्या कडेला मरून पडलेला सापडतो. तिसरी ती रुपेरी, सुळकन पळणारी, शेपटीला तीन केस असलेली कसर. तिला कांजी, कागद, डिंक लागतो; खळ घातलेली सुती साडी ती खाते, लोकरीच्या मागे फारशी लागत नाही.

मुंबईत आणि कोकणात दमट घरांच्या भिंतींवर काकडीच्या बीसारखी चपटी, राखाडी खोळ सरकताना दिसते, तीही याच पाखरांच्या कुळातली अळी. ती मुख्यतः जळमटं, मेलेले किडे आणि गळलेले केस यांवर जगते. ती जिथे वाढली, तिथे कपाटामागे झाडू पोहोचत नाही एवढं नक्की समजा.

आता डांबरगोळ्या. त्या काम करतात, पण मेसेजात सांगितल्या तशा ठेवून करत नाहीत. गोळीची न वितळता थेट वाफ होते, आणि अळी मरते ती त्या वाफेने, तीही वाफ दाटली तरच. त्यासाठी हवाबंद पेटी लागते आणि काही आठवडे जावे लागतात. दिवसातून दहादा उघडणाऱ्या कपाटात वाफ दाटतच नाही. ती फटींतून खोलीत येते आणि घरातल्यांच्या नाकात जाते. ‘वास येतोय म्हणजे गोळी काम करतेय’ ही समजूत उलटी आहे. खोलीत वास येतोय म्हणजे वाफ जिथे हवी तिथे राहत नाहीये.

शिवाय डांबरगोळी म्हणून दोन वेगळी रसायनं विकली जातात, नॅप्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेन्झीन, आणि सुट्या गोळ्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. ओळखायचं असेल तर टाकून द्यायच्या ग्लासात अर्धा ग्लास पाणी घ्या आणि विरघळेनासं होईपर्यंत मीठ ढवळा. त्यात गोळी तरंगली तर नॅप्थलीन, बुडाली तर पॅराडायक्लोरोबेन्झीन. साध्या पाण्यातच तरंगली तर तो कापूर. नंतर हात साबणाने धुवा. हे कळलेलं बरं, कारण दोन प्रकारच्या गोळ्या एकमेकींना लागून राहिल्या तर ओल्या होऊन पाझरतात आणि कापडावर डाग पाडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही दोन्ही रसायनं ‘माणसाला कर्करोग होण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवली आहेत. युरोपीय संघात नॅप्थलीनच्या गोळ्यांवर २००८ पासून बंदी आहे. तिकडे राहणाऱ्या मुलांच्या सामानात इथून गोळ्या बांधून देऊ नयेत.

आणि आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी हा मेसेज पुढे पाठवू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे थोरल्याची झबली, टोपडी, दुपटी, कुंची ट्रंकेत जपून ठेवतात आणि धाकट्याच्या बाळंतविड्यात काढतात. ट्रंकेत डांबरगोळ्या असतातच. बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून त्या दुपट्यात गुंडाळतात. नॅप्थलीन शरीरात गेलं की ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू शकतं. ज्यांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांना धोका सर्वांत जास्त. ही कमतरता भारतात अनेक समाजांत आढळते आणि बहुतेकांना ती आपल्यात आहे हे ठाऊकही नसतं. पेशी फुटल्या की कावीळ वाढते, आणि नवजात बाळाची वाढलेली कावीळ थेट मेंदूवर जाऊ शकते. १९६३ साली ग्रीसमधल्या डॉक्टरांनी अशी २१ बाळं नोंदवली. नॅप्थलीनमध्ये ठेवलेल्या कपड्यांचा आणि पांघरुणांचा त्यांच्याशी संबंध आला होता. सगळ्यांच्या रक्तात ती कमतरता नव्हती, तरीही त्यांना त्रास झाला. काही दगावली.

त्यात तेलाची भर पडते. नॅप्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात सहज विरघळतं. म्हणून एकदा धुऊन वास जात नाही, आणि तेल लावलेल्या कातडीतून ते जास्त शोषलं जातं. आपली रोजची मालिश आणि ट्रंकेतलं दुपटं यांची ही गाठ वाईट आहे.

सर्वांत वाईट याचं वाटतं की ते सगळं विनाकारण असतं. झबली, दुपटी सुती असतात. स्वच्छ, कोरड्या, बिनकांजीच्या सुताला लोकर खाणारी अळी लागत नाही. दुधाचे डाग काढून, खडखडीत वाळवून, धुतलेल्या पंच्यात बांधून ठेवली तरी ती वर्षानुवर्षं टिकतात. गोळ्यांत राहिलेले कपडे घरात असतील तर बाळाला घालूच नका. घालायचेच असतील तर धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत कितीही दिवस लागोत, बाहेर वाऱ्यावर टांगा. अशा कपड्यांनंतर बाळ पिवळं दिसलं, मलूल झालं, दूध ओढेनासं झालं किंवा लघवी गडद झाली तर लगेच रुग्णालयात जा आणि डांबरगोळ्यांचं डॉक्टरांना आपणहून सांगा. हे कुणी विचारेलच असं नाही. रांगत्या मुलाने गोळी तोंडात घातली तर पाकीट बरोबर घेऊन तडक जा.

‘मग कापूर घ्या, तो नैसर्गिक.’ पूजेच्या वड्यांमधला पुष्कळसा कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. आणि भीमसेनी असला तरी पोटात गेल्यावर तो विषच: लहान मुलाला थोड्याशा कापराने, काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कपाटातली वडी बघता बघता उडून जाते आणि अळी जिथल्या तिथे राहते. लवंग, लव्हेंडर, संत्र्याची साल यांचंही तेच. नाकाला बरं वाटतं, एवढंच.

कडुलिंबावर आपला जीव आहे, माझाही आहे, म्हणून थोडं सविस्तर. निंबोळीतलं अझाडिराक्टिन किडींवर खरंच परिणाम करतं, शेतकरी निंबोळी अर्क फवारतात तो उगाच नाही. पण ते हवेत उडणारं द्रव्य नाही. किडीने पान खाल्लं किंवा अर्क अंगाला लागला तर काम होतं. वाळका पाला स्वेटरशेजारी पडून राहिला तर अळी पाल्याला तोंडही लावत नाही, शेजारची लोकर खाते. पाला अर्धवट वाळलेला असेल तर पावसाळ्यात त्याचीच बुरशी कापडाला लागते. वेखंडाच्या पुरचुंडीचंही असंच. त्याच्या तेलात कीडनाशक गुण आहेत, पण पुरचुंडीतून कपाटभर पुरेल एवढा अंश बाहेर येत नाही.

ऊन. हा मेसेजमधला खरा उपाय, फक्त सरसकट सांगितल्यामुळे चुकतो. पन्नास अंशांच्या वर तापमान गेलं की अंडी-अळ्या टिकत नाहीत. काळी घोंगडी एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर अंथरली तर सहज तेवढी तापते. पण नुसती अंथरून भागत नाही: घडीत आणि शिवणीत ऊब पोहोचत नाही, अळी सावलीच्या बाजूला सरकते. म्हणून दोन्ही बाजू उलटापालट करायच्या, काठीने झोडायच्या, ब्रशने उलट्या दिशेने घासायचं; ब्रशने अंडी सुटून पडतात. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी असेल तर हे वर्षातून निदान दोनदा करा, पावसाळ्याआधी आणि दसऱ्याच्या साफसफाईत.

पैठणी, शालू, जुनी रेशमी नऊवारी मात्र उन्हात घालू नका. उन्हाने रेशमाचा रंग उडतोच, धागाही कमकुवत होतो, आणि ते नुकसान रफूने भरून निघत नाही. सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन तास उलगडून ठेवा आणि दर वेळी घडी नव्या जागी घाला. जुन्या घडीवर जरी तुटते.

प्लॅस्टिकच्या पिशवीबद्दल एकच विचारते: आत घालताना कपडा स्वच्छ होता का? घामाचा, तेलकट, एकदाच घातलेला म्हणून न धुतलेला स्वेटर अळीला सगळ्यांत जास्त आवडतो. अंडी आत असतील तर पिशवी त्यांना बाहेर पडू देत नाही इतकंच. खाणं आतच आहे. धुतलेली, पूर्ण वाळलेली लोकर घट्ट पिशवीत चालते. रेशीम आणि जरी नाही. ओल कोंडते, बुरशी येते, जरी काळवंडते. त्यांना अनेकदा धुतलेली, खळ निघून गेलेली मऊ सुती साडी गुंडाळा. नवंकोरं मांजरपाट नको, त्यातल्या कांजीला रुपेरी कसर येते.

फ्रीजरचा उपाय उत्तम आहे, एक रात्र मात्र हास्यास्पद वाटावी इतकी अपुरी. संग्रहालयांत लोकरी वस्तू उणे २० अंशांना आठवडाभर किंवा उणे ३० ला तीन दिवस ठेवतात. घरचा फ्रीजर उणे १८ पर्यंत जात असेल तर दोन आठवडे धरा. एका दाराच्या जुन्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही, आणि वारंवार वीज जाणाऱ्या गावात हिशेब चुकतो. कपडा कोरडा करून पिशवीत हवा काढून बांधा आणि बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दव कापडावर धरतं.

मिठाने गालिच्यातली कोणतीही अळी मरत नाही. पावसाळ्यात मीठ पाणी धरतं आणि गालिचा ओलसर राहतो, हा वरचा तोटा. आधी गालिचा कशाचा आहे ते बघा: कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवा. केस जळाल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक, त्याची काळजी नको. कागदासारखा जळाला तर सूत. सतरंज्या, जाजमं बहुतेक अशीच असतात.

लोकरीचा असेल तर मधला पायदळी भाग सोडा, तिथे अळी राहत नाही. सोफ्याच्या पायांखाली, दिवाणाच्या मागे, भिंतीलगतच्या दुमडलेल्या कडेला राहते. जड सामान हलवून गालिचा उलटा करून खालची बाजू व्हॅक्यूम करा आणि पिशवीतला कचरा लगेच घराबाहेर टाका. आणि बाल्कनी, एसीचा सज्जा, डक्ट बघा. पारव्यांची घरटी ही या पाखरांची आणि भुंगेऱ्यांची मूळ वस्ती: पिसं, विष्ठा, मेलेलं पिल्लू. घरटं रिकामं झाल्यावर नाक-तोंड झाकून, पाणी शिंपडून ते काढा आणि जाळी बसवा. खिडकीबाहेर ते तसंच असेल तर आतला गालिचा कितीही झाडा, भुंगेरे पुन्हा येतात.

एवढं करूनही दर महिन्याला नवी भोकं दिसत असतील तर पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा, पण फवारणार काय ते नाव आधी विचारा. परमेथ्रिन असेल आणि घरात मांजर असेल तर फवारलेलं पूर्ण वाळेपर्यंत तिला दुसऱ्या घरी ठेवा. मांजराला ते विषारी आहे. माशांची टाकी असेल तर ती झाकून पंप बंद करण्यापेक्षा फवारणीच्या खोलीतून हलवा.