पडायचं राहून गेलं

"डिसेंबरात तीन दिवस महाबळेश्वरला जाऊन नुसतं पडून राहायचं," मी म्हणालो होतो.

"पडूनच राहायचं तर घरी सोफा आहे की," बायको म्हणाली आणि तिथेच माझी रजा तिच्या ताब्यात गेली.

पहिल्याच पहाटे साडेपाचला टॅक्सीवाल्या मामांनी हॉटेलखाली हॉर्न दिला. विल्सन पॉइंट. महाबळेश्वरातला सगळ्यात उंच, १,४३९ मीटर. घरी सूर्य आठ वाजता खिडकीतून स्वतः माझ्या तोंडावर येतो. इथे त्याला भेटायला आम्ही कुडकुडत रांगेत. त्याचा वरचा काठ दिसतो न दिसतो तोच मामा म्हणाले, "चला, अजून अकरा पॉइंट आहेत."

आर्थर सीटकडून मला फार आशा होत्या. नावातच सीट! आर्थर मॅलेट नावाचा साहेब इथे बसून सावित्रीचं खोरं बघत असे म्हणतात. मी नुसता टेकलो तर, "अहो, बसताय काय? टोपण टाका!" इथे हलकी वस्तू दरीत टाकली की वारा ती परत वर आणून देतो. मी बाटलीचं टोपण टाकलं. ते बिचारं मनापासून पडायला निघालं होतं, वाऱ्याने पडू दिलं नाही. त्या टोपणाबद्दल मला जो जिव्हाळा वाटला, तो सख्ख्या नातेवाइकांबद्दलही कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी वेण्णा लेक. पायडलची बोट, पायडल अर्थातच माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी प्रतापगड. १६५९ साली अफझलखानाचं जे झालं ते पायथ्याशी झालं, माझं पायऱ्यांवर. (फोटोंत मी सगळीकडे डोळे मिटलेला आहे. बायकोला वाटतं, टायमिंग चुकलं.)

तिसऱ्या दिवशी दुपारी परतताना पसरणी घाटात ट्रॅफिक ठप्प. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता म्हणे. लोक उतरून हातवारे करत होते, एकजण तर स्वतःच पोलीस झाला होता. मी इंजिन बंद केलं, सीट मागे केली. खाली वाई, उन्हात पसरलेली. बायको उरलेल्या स्ट्रॉबेऱ्या मोजत होती. पुढेही जाता येत नव्हतं, मागेही नाही. म्हणजे कुठलाच पॉइंट शक्य नव्हता. दीड तास असा झोपलो की घोरण्याने मुलगा काचा वर करत होता.

मग मागच्याने हॉर्न दिला. घाट मोकळा झाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तेवढा वाजवल्या नाहीत.