कडक पोलाद की रबराचा हब? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दीड किलोच्या लढाऊ रोबोच्या गिअरबॉक्सवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. चाकाच्या हबमध्ये, म्हणजे शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) बसणाऱ्या मधल्या भागात, रबर घालणे म्हणजे वजन वाया घालवणे, हा पहिला. आणि पितळी गिअर काढून कडक पोलादाचे बसवले की प्रश्न मिटतो, हा दुसरा. पोलादाविषयी मी फारच कमी लिहिले, हे मान्य आहे. पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही.

मागच्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे फिरते पाते आमच्या चाकात अडकले आणि गिअरबॉक्स गेला. तो उघडला तेव्हा आधीच्या टप्प्यांतले दाते नव्यासारखे होते. शेवटच्या गिअरचे लागोपाठचे तीन दाते मात्र मुळापासून उडाले होते, आणि उरलेल्या दात्यांवर घासल्याची चमक केवळ एका कडेला दिसत होती. त्याआधीच्या लढतींत हाच गिअरबॉक्स पूर्ण जोर लावून रोबोला ढकलत होता, तेव्हा त्याला काही झाले नव्हते.

याचे कारण मोटरच्या रोटरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या फिरत्या भागात, आहे. गिअरचे गुणोत्तर ३० असेल, म्हणजे मोटरच्या ३० फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होत असेल, तर चाकाच्या बाजूने पाहता रोटरचे जडत्व (फिरणे थांबवायला होणारा विरोध) ३० च्या वर्गाइतके, म्हणजे ९०० पट होते. समजा, मोटर मिनिटाला ९,००० फेरे घेते आणि रोटरचे जडत्व ५ ग्रॅम-सेंटिमीटर वर्ग आहे. चाक अचानक अडकून रोटर २ मिलिसेकंदांत थांबला, तर शेवटच्या शाफ्टवर सुमारे ७ न्यूटन-मीटर टॉर्क (पिळणारा जोर) येतो. अशी मोटर जाम झाली तरी त्या शाफ्टवर साधारण १ न्यूटन-मीटरच देते. हबमधल्या रबराने ९ अंश पीळ घेतला, तर तोच रोटर थांबायला १० मिलिसेकंद मिळतात आणि टॉर्क १.४ वर येतो. माझ्या दोन्ही चाकांचे रबर मिळून ८ ग्रॅम भरते, आणि एवढ्या वजनात याहून मोठा फायदा देणारे दुसरे काही मला आजवर सापडलेले नाही.

आता पोलाद. ते जरूर वापरावे, पण आरपार कडक केलेला गिअर धक्क्याला ठिसूळ ठरतो. केस हार्डनिंग केलेला घ्यावा, म्हणजे दात्याचा पृष्ठभाग कडक होतो आणि गाभा चिवट राहतो. दात्याची रुंदी ३ मिलिमीटरवरून ६ केली, तर मुळाशी येणारा ताण जवळपास निम्मा होतो, हेही खरे. मात्र हा हिशेब दाता पूर्ण रुंदीने टेकतो तेव्हाच लागू पडतो. चाक शाफ्टच्या टोकाला अधांतरी लटकत असेल, तर धक्क्याने शाफ्ट वाकतो, दाते एका कडेवर येतात आणि वाढवलेली रुंदी कामाला येत नाही. म्हणून चाकाच्या बाहेरच्या अंगाला दुसरे बेअरिंग द्या, असा माझा आग्रह आहे. ते न देता महागडे पोलाद घेणाऱ्या मुलांचे पैसे वाया जाताना मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्याकडे तुटलेला एखादा गिअर असेल, तर त्याच्या उरलेल्या दात्यांवरची चमक पूर्ण रुंदीभर आहे की एकाच कडेला, हे भिंगाखाली पाहून कृपया कळवावे.